जुनी डिझेल पिकअप चढावर दम तोडते, सकाळी उचलत नाही: डिझेल पंप उतरवायच्या आधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो, आपापल्या गाडीशी जुळवून बघा.

सकाळी सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरतं, उचलत नाही, हँड प्रायमर मारमारून हात दुखले की मग उचलतं आणि त्यानंतर दिवसभर काही तक्रार नाही. किंवा रिकामी गाडी मस्त पळते पण आमच्या इंदूरच्या सियागंज बाजारातून माल भरला की पुलाच्या चढालाच ओढत नाही, आणि बडवाहकडून लोड घेऊन भेरूघाट चढताना तर अॅक्सिलेटर पूर्ण दाबूनही गाडी खाली खालीच येते, बाजूला घेऊन पाच मिनिटं उभी केली की परत थोडी चालते आणि परत तेच. किंवा उभ्या गाडीत इंजिनचा आवाज वर-खाली होतो, मधेच झटका, मधेच ठीक. किंवा टंकी फुल असेपर्यंत एकदम ओके आणि अर्ध्याखाली गेली की कटकट सुरू. किंवा चालता चालता बंद पडते, जशी कोणी चावी फिरवली.

ह्यातलं काहीही असलं तरी आपल्याकडे पहिलं वाक्य एकच ऐकू येतं, "भिया, पंप बैठ गया". आणि मग पंप उतरतो, पंप-नोझल दुरुस्तीच्या लॅबला जातो, गाडी तीन-चार दिवस उभी, मोठं बिल, आणि महिन्याभरात तीच तक्रार परत. मी आमच्या घरच्या आणि ओळखीतल्या कितीतरी जुन्या पिकअपमध्ये हा त्रास पुन्हा पुन्हा काढलाय, आणि माझं स्पष्ट मत आहे की पंप बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो, दोष त्याच्या आधी असतो, टंकीपासून, टंकीतलं डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपापर्यंतच्या त्या पाइपात जिकडे कोणी बघत नाही.

हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यात इंजिनच्या बाजूला पंप, त्यालाच चिकटलेला फीड पंप, त्यावर हाताने मारायचा प्रायमर आणि पंपातून प्रत्येक नोझलला, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाला, लोखंडी पाइप जातो. कॉमन रेल, म्हणजे नवीन गाड्यांतली कॉम्प्युटरवर चालणारी जास्त प्रेशरची पद्धत, असेल तर फिल्टर, पाणी, झाकण आणि टंकीपर्यंतचं बघा आणि तिथेच थांबा, त्याचं कारण पुढे येईल.

धूर बघून सुरुवात करा, त्याला पैसे लागत नाहीत. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभे राहा. धूर अजिबातच येत नाहीये तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे खाली जे लिहिलंय ते तुमच्याच कामाचं आहे. पांढरा धूर येतोय आणि उचलत नाही तर डिझेल पोचतंय पण जळत नाहीये, मग हीटर प्लग, बॅटरीचा जोर, कॉम्प्रेशन असली दुसरी कारणं शोधावी लागतील. चढावर दम तोडताना भरपूर काळा धूर सोडत असेल तर डिझेल कमी पडत नाहीये, हवा कमी पडतेय, एअर फिल्टर काढून झटकून बघा, नाहीतर नोझल बघावे लागतील. दम तोडते आणि धूरही नाही, हे उपाशी इंजिनाचं लक्षण आहे.

आता डिझेलचा रस्ता एकदा डोक्यात बसवून घ्या कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. टंकीत एक पाइप तळापर्यंत जातो, तिथून लाइन चेसिसला धरून पुढे येते, काही गाड्यांत मधे पाणी वेगळं करणारी वाटी असते, मग फीड पंप. इथपर्यंत डिझेल ओढलं जातं. फीड पंपाच्या पुढे फिल्टर, मग मोठा पंप, म्हणजे लोक उतरवतात तोच, मग नोझल, इथे डिझेल ढकललं जातं, आणि जे उरतं ते रिटर्न लाइनने परत टंकीत. ढकलण्याच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येतं, पाइप ओला दिसतो, लहान पोरगाही सांगेल कुठे गळतंय. पण ओढण्याच्या बाजूला चीर असेल तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. उसाच्या रसाची नळी वरच्या बाजूला फाटलेली असली की कितीही ओढा तोंडात रस कमी आणि हवा जास्त येते, तसंच. म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि सगळे म्हणतात लाइन तर ठीक आहे, पंपच गेला.

सगळ्यात आधी टंकीत डिझेल आहे का ते काडी घालून बघा. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, फ्लोट अडकला की काटा पाव टंकी दाखवत राहतो. काडी स्वच्छ आणि कोरडी पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर तिच्या टोकाला काय लागलंय तेही बघा, काळा चिकट गाळ किंवा गंजाचे कण दिसले तर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग टंकीचं झाकण. डिझेल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला पाहिजे, त्यासाठी झाकणाला किंवा टंकीला बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं किंवा मूळ झाकण हरवलं म्हणून कुठलंतरी घट्ट झाकण किंवा प्लास्टिकची पिशवी कोंबली, की टंकीत हळूहळू व्हॅक्यूम होतो आणि फीड पंपाला ओढता येत नाही. ओळखायचं कसं, तर गाडीने दम तोडला की लगेच उतरून झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी परत नीट चालली तर तुमचा आजार सापडला. पाच मिनिटं उभी केली की ठीक होते ह्याचं एक कारण हेच, तेवढ्या वेळात हवा कुठूनतरी झिरपते. झाकण खोलून धुवा, भोक मोकळं करा, नाहीतर नवीन घ्या. झाकण ढिलं ठेवून गाडी चालवणं हा उपाय नाही, पावसाचं पाणी आणि धूळ सरळ टंकीत जाते.

बोनट उघडलंच आहे तर दोन केबल बघून घ्या. एकाला अॅक्सिलेटर पूर्ण दाबायला सांगा आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का बघा. केबल ताणली गेली किंवा पॅडलखाली जाड मॅट असला की लिव्हर पूर्ण उघडतच नाही आणि माणूस म्हणतो गाडी ओढत नाही. दुसरी इंजिन बंद करायची केबल, ज्या गाड्यांत ती आहे. ती सोडल्यावर स्टॉप लिव्हर पूर्ण मागे आला पाहिजे, गंजलेली केबल अर्ध्यात अडकली की पंप सतत थोडा बंदच असल्यासारखा असतो. ऑइल घाला, लिव्हरची स्प्रिंग बघा. ज्यात चावीने बंद होणारा सोलेनॉइड, म्हणजे डिझेल बंद करणारा विजेचा स्विच, आहे त्यात चावी लावल्यावर "टक" आवाज येतो का ऐका आणि त्याची वायर हलवून बघा. चालता चालता चावी फिरवल्यासारखी बंद पडणारी गाडी बऱ्याचदा ह्या एका ढिल्या वायरीमुळे बंद पडते, आणि लोक फिल्टर बदलत बसतात.

पुढे पाणी. फिल्टरच्या किंवा वाटीच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो. खाली काचेची बरणी धरा, स्क्रू ढिला करा आणि पेलाभर काढा, पंधरा-वीस मिनिटं ठेवून द्या. पाणी असेल तर खाली बसतं आणि मधे रेष दिसते. काचेचीच बरणी घ्या म्हणजे नीट दिसेल, जमिनीवर सोडून दिलं तर काही कळत नाही. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर हा त्रास जास्त, एक तर झाकणातून पाणी जातं आणि दुसरं म्हणजे अर्धी रिकामी टंकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर जमून खाली जातो. म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी डिझेल भरून गाडी उभी करणं चांगलं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळा चिकट चोथाही तयार होतो, ती जिवाणू-बुरशीची वाढ असते आणि फिल्टर पटापट बुजवते. ड्रेन करताना पाणी येतच राहिलं, थांबलंच नाही, तर गाडी सुरू करू नका, पंपाच्या आतले भाग काही मायक्रॉनच्या फटीत चालतात आणि त्यांना वंगण फक्त डिझेलचंच असतं. पाणी गेलं की मग खरंच पंप बसतो.

ह्याच कारणाने डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. थंडीत सकाळी लवकर उचलावी म्हणून जुने ड्रायव्हर मिसळायचे, पण रॉकेलमध्ये ते वंगण नसतं. आणि माळव्यातल्या थंडीला त्याची गरजही नाही, भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्याचं डिझेल ६ अंशापर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे आणि उन्हाळ्याचं १८ अंशापर्यंत. अडचण होते ती फक्त अशा गाडीला जी उन्हाळ्यात भरलेलं डिझेल घेऊन महिनोन् महिने उभी होती आणि डिसेंबर-जानेवारीत एकदम काढली. तिच्यात ताजं डिझेल घाला, ऊन लागू द्या, बस.

आता ज्यांची गाडी फक्त सकाळी त्रास देते त्यांच्यासाठी एक फुकटची परीक्षा. एका रात्री गाडी उताराकडे तोंड करून उभी करा, म्हणजे इंजिन खाली आणि टंकी वर. हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड, तिन्ही लावा. दुसऱ्या रात्री उलटी, तोंड चढाकडे. पहिल्या सकाळी लगेच उचलली आणि दुसऱ्या सकाळी नाही, तर रात्रभरात लाइनमधलं डिझेल परत टंकीत उतरतंय आणि तिथे हवा भरतेय हे पक्कं. ते उतरतं कारण कुठूनतरी हवा आत शिरायला जागा आहे किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह धरत नाहीयेत. नोझलवरून जाणारे रिटर्नचे बारीक रबरी तुकडे पण बघा, ते कडक होऊन चिरतात आणि तिथूनही हवा शिरते, ते बदलायला काहीच खर्च नाही.

फिल्टर. कधी बदलला आठवत नसेल तर विचार न करता बदला. पण बदलताना घोटाळे होतात म्हणून सांगतो. जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहते आणि तिच्यावर नवीन रिंग बसते, मग तिथून डिझेल गळतं नाहीतर हवा शिरते, म्हणून वरची जागा बोटाने फिरवून बघा. नुसत्या मापाने फिल्टर घेऊ नका, जुना सोबत नेऊन नंबर जुळवा, स्वस्तातला नकली फिल्टर आत कागद कमी देतो आणि लोडवर डिझेल पुरत नाही. आणि जुना फिल्टर फेकायच्या आधी फोडून बघा, त्याच्या कागदावर गाडीचा सगळा इतिहास लिहिलेला असतो, लाल गंज म्हणजे टंकी, काळा चोथा म्हणजे पाणी, रबराचे काळे तुकडे म्हणजे कुठलातरी होज आतून सडतोय.

मग एअर, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा, काढायची. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे ढिला करा, प्रायमर मारत राहा, आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग स्वच्छ डिझेल, ते आलं की प्रायमर मारता मारताच स्क्रू घट्ट करा. मग पंपावरचा ब्लीड स्क्रू, तसंच. बहुतेक गाड्या इथेच उचलतात. नाही उचलली तर नोझलच्या बाजूचे पाइपचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल ओघळायला लागलं की कसा. सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका आणि मधे मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल आणि बॅटरी बसेल. प्रायमर झाल्यावर त्याचा दांडा खाली दाबून आटे फिरवून बंद केलाय ना बघा, उघडा राहिला की तिथूनच हवा घेतो.

प्रायमर हाताला काय सांगतो ते शिकून घेतलं तर अर्धी मिस्त्रीगिरी आली. वर ओढताना जड जातो आणि सोडला की स्वतःच खाली ओढला जातो, तर मागे टंकीकडे काहीतरी बुजलंय. कितीही मारला तरी पोकळ लागतो, जोरच येत नाही, तर हवा घेतोय किंवा व्हॉल्व्ह गेलेत. ब्लीड स्क्रू उघडा असूनही खाली दाबताना कडक, तर फिल्टर बुजलाय.

फीड पंपात डिझेल जिथून आत जातं तिथे आत एक बारीक जाळी असते, कुठे बँजो बोल्टच्या, म्हणजे पाइप धरणाऱ्या पोकळ बोल्टच्या, आत तर कुठे छोट्या वाटीत. ही जाळी आहे हेच खूप जणांना माहीत नसतं. फिल्टर नवीन, पाइप नवीन, आणि ही जाळी कचऱ्याने भरलेली. बोल्ट खोला, जाळी स्वच्छ डिझेलमध्ये ब्रशने धुवा, आणि परत लावताना तांब्याचे वायसर नवीन टाका. जुना वायसर एकदा दबलेला असतो, तो परत नीट बसत नाही, आणि ओढण्याच्या बाजूचा बसला नाही की हवा. चार-आठ रुपयांच्या वायसरसाठी लोक पंप उतरवतात हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्याची गाडी आहे त्याची रोजची कमाई त्या गाडीवर असते.

आता मुख्य भाग, हवा कुठून शिरते ते शोधणं. टंकीपासून फीड पंपापर्यंत प्रत्येक रबरी होज हाताने वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या की बदला, वरून चांगला दिसतो म्हणून सोडू नका. डिझेलचाच होज घ्या, पाण्याचा किंवा गॅसचा लावला तर आतून फुगतो आणि रस्ता बंद होतो, बाहेरून कळतही नाही. तारेने बांधलेला जोड काढून होज क्लिप लावा, तार एकाच जागी दाबते आणि बाकी ठिकाणी ढिली राहते. लोखंडी पाइप चेसिसला जिथे पट्टीने धरलाय तिथे पट्टी सरकवून बघा, वर्षानुवर्षं घासून पट्टीखालीच भोक पडतं.

डोळ्याने सापडलं नाही तर फीड पंपाच्या अगदी आधी हातभर पारदर्शक नळी लावा, दोन्हीकडे क्लिप कसून. एअर काढा, गाडी सुरू करा, नळीत बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते जाऊ द्या. नंतरही बुडबुडे येत राहिले तर हवा त्याच्या मागून येतेय. मग तीच नळी मागे मागे नेत जा, जिथे बुडबुडे थांबले त्याच्या पुढच्या तुकड्यात दोष. ही नळी फक्त तपासण्यापुरती, काम झालं की काढा, गरम होऊन ती मऊ पडते आणि सायलेन्सरजवळ असेल तर वितळते. आणि डिझेल पेटत नाही असं समजू नका, मानकाप्रमाणे आपल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, तो कमीत कमी ३५ अंश एवढाच लागतो, म्हणजे मे महिन्यात इंदूरच्या दुपारी ते त्या पातळीच्या वरच असतं. बिडी-सिगरेट लांब, आणि काम थंड इंजिनावर.

तरी कळलं नाही तर कॅनची परीक्षा, माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात ओळखीच्या पेट्रोल पंपावरचं स्वच्छ डिझेल, गाळून. गाडीच्या लाइनचा फीड पंपाकडचा जोड सोडून त्याचं तोंड बंद करा आणि कॅनमधून नवीन होज सरळ फीड पंपाला द्या. आधी कॅन इंजिनच्या वर ठेवा, म्हणजे डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येईल. एअर काढून सुरू करा, रेस द्या. आता सगळा त्रास गायब झाला तर मोठा पंप आणि नोझल ठीक आहेत. पंप उतरवायचा विषय तिथेच संपला. मग कॅन खाली जमिनीवर ठेवा आणि परत बघा. आता फीड पंपाला स्वतः ओढावं लागतंय. अजूनही ठीक चालली तर फीड पंपही ठीक, दोष टंकी आणि लाइनमध्ये. कॅन खाली ठेवल्यावर त्रास परत आला तर फीड पंप. आणि कॅन वर असतानाही आधीसारखीच उपाशी राहिली तर फिल्टरपासून पुढे बघायचं. रिटर्न टंकीत जात असतो म्हणून कॅन तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर रिकामा होतो, लक्ष ठेवा नाहीतर परत हवा. कॅन केबिनमध्ये ठेवून रस्त्यावर चक्कर मारायची नाही, ही परीक्षा उभ्या गाडीवरच.

टंकीवर संशय आला तर लाइन फीड पंपाकडून सोडा, टंकीचं झाकण उघडा आणि पायपंपाने हळू हवा मारा. टंकीत गुडगुड ऐकू आलं तर रस्ता मोकळा. आधी अडलं आणि मग एकदम मोकळं झालं तर कचरा होता आणि तो परत टंकीत गेलाय. इथेच तो पुन्हा पुन्हा येणारा त्रास जन्माला येतो, रस्त्यावरचा मिस्त्री हवा मारून देतो, गाडी पळते, तुम्ही खूश, चार दिवसांनी तोच कचरा पाइपाच्या तोंडाशी. हवा मारणं हा घरी पोचायचा उपाय आहे. दुसऱ्यांदा तसं झालं की टंकी उतरवून आतून धुवायचीच, आणि उतरवलीच आहे तर ओढणारा पाइप बाहेर काढून त्याला एका बाजूने बोट लावून दुसरीकडून फुंका. त्या पाइपाला मधेच चीर असेल तर टंकी भरलेली असताना चीर डिझेलमध्ये बुडालेली राहते, पातळी खाली आली की हवा ओढते. टंकी अर्धी झाली की त्रास सुरू होणाऱ्या गाड्यांत मी आधी हेच बघतो. टंकीला भोक असेल तर घरी किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे डाग मारू नका, रिकाम्या टंकीत वाफ राहते आणि ती फुटते. ज्याच्याकडे टंकी धुऊन, वाफ काढून काम करायची सोय आहे त्याच्याकडेच न्या, नाहीतर दुसरी टंकी बघा.

फीड पंप तपासायला त्याच्या पुढचा पाइप सोडून बाटलीत घाला आणि सेल्फ मारा, प्रत्येक फेरीला जोरात पिचकारी आली पाहिजे, नुसतं ओघळत असेल तर किट टाकायचं. मेकॅनिकल कामाची सवय असेल तर व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि सीलचं किट घरी बसतं. सुटे भाग शोधताना जुन्या पंपावर माइको लिहिलेलं असेल आणि दुकानदार बॉशचा डबा देईल तर गोंधळू नका, माइकोचंच नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, फक्त नंबर जुळवा. ह्याच वेळी ऑइलची डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वाढलेली असेल, पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपातून किंवा मोठ्या पंपातून डिझेल इंजिनात उतरतंय. अशी गाडी घरापर्यंत पण चालवू नका, बेअरिंग जातील.

आता कुठे थांबायचं ते.

नोझलचा नट चालू इंजिनवर ढिला करून कोणता सिलेंडर काम करत नाही ते बघायची पद्धत जुने मिस्त्री वापरतात, ज्याला सवय आहे त्यालाच करू द्या, आणि तीही फक्त मेकॅनिकल पंपावर. नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतो, त्या जोराची बारीक धार कातडीतून आत जाते. वर छोटा लाल ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि आतून बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद-तेल लावून बसायचं नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की प्रेशरचं डिझेल आत गेलंय. गळती शोधायला हात कधीच फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. कॉमन रेलमध्ये हा जोर हजार बारच्या वर जातो, म्हणून तिथे फिल्टरच्या पुढचा एकही नट उघडायचा नाही.

मोठ्या पंपाचे सील केलेले स्क्रू फिरवायचे नाहीत. "थोडा डिझेल बढा देता हूँ" म्हणणारे भेटतात, त्याने चढावर दोन दिवस बरं वाटतं, मग काळा धूर, पीयूसी नापास आणि तापलेलं इंजिन, आणि खरा दोष तसाच. पंप उतरवला की टायमिंग हलतं, ते जमवायला खुणा आणि गेज लागतात. कॅनच्या परीक्षेत पंपच निघाला, किंवा इंजिन एका सिलेंडरवर ठोकतंय, किंवा अॅक्सिलेटर सोडूनही रेस स्वतःहून चढतेय, तर पंप-नोझलवाल्याकडेच जायचं. रेस चढतच गेली तर स्टॉप लिव्हर ओढा, नाही थांबली तर जाड फळी एअर इनटेकच्या तोंडावर दाबा, हात किंवा कपडा नको, तो ओढला जातो.

आणि चालता चालता बंद पडणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नका, ना भेरूघाट ना गणपती घाट. इंजिन बंद झालं की ब्रेकचा व्हॅक्यूम तयार होणं थांबतं, दोन-तीनदा पॅडल दाबलं की मदत संपते आणि पॅडल दगडासारखं होतं, पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड. लोडसकट उतारावर हे झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. मालाचा खोळंबा झाला तरी चालेल, दुसरी गाडी लावा.

पंप लॅबला दिलाच तर आधी टंकी धुऊन घ्या, लाइन मोकळी करा, नवीन फिल्टर घाला, आणि मगच दुरुस्त पंप बसवून घ्या. लॅबवाल्याला विचारा की टेस्ट बेंचवर बसवल्यावर सगळ्या सिलेंडरचं डिझेल सारखं येत होतं का, नोझल किती बारला उघडत होते, आणि काढलेले भाग परत मागा. चांगला कारागीर हे सगळं स्वतःहून दाखवतो, पंपातल्या डिझेल दाबणाऱ्या दांड्यावर, म्हणजे प्लंजरवर, पाण्याचे किंवा घासल्याचे डाग असतील तर बोटाने दाखवून देतो, आणि ते डाग नसतील तर त्याला तोंडावर विचारा की मग पंपात बदललं नक्की काय.